होम लॅबमधला (घरीच हौसेने उभारलेल्या नेटवर्कमधला) राउटर अधूनमधून आपोआप बंद पडतो. सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती टाकू की बॉक्सच बदलू?

दोन्ही नको. आधी अडॅप्टर बदला. मल्टीमीटर काय म्हणतो त्याकडे सध्या बघू नका.

एवढं लिहून थांबलो असतो. पण तुम्ही प्रश्नात म्हटलंय, ‘अडॅप्टर मीटरने तपासलाय, १२.१ व्होल्ट येतात, घरात इन्व्हर्टर आहे, बाकीची उपकरणं चालू राहतात, फक्त राउटरच जातो. त्यामुळे कृपया वायरमनला दाखवा असली उत्तरं नकोत.’ हे वाचून मला राहवलं नाही. मी वायरमनचाच मुलगा आहे. आप्पांनी जळगावात ३४ वर्षं घरांच्या वायरिंगची कामं केली, त्या पैशावर मी शिकलो आणि आज एका संस्थेचं नेटवर्क सांभाळतो. आणि तुमच्या प्रश्नात आहे तोच दोष आमच्या घरात सात आठवडे होता. तो आप्पांनी शोधला.

२०२३चा एप्रिल. आमचा राउटर म्हणजे चार पोर्टचा छोटा बॉक्स, आत सेलेरॉन जे४१२५ प्रोसेसर, त्यावर ओपीएनसेन्स हे राउटरचं सॉफ्टवेअर. शेजारी नॅस, म्हणजे नेटवर्कवरून फायली साठवायचा डबा, आणि एक जुना छोटा डेस्कटॉप. सगळं दिवाणखान्यातल्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात, काचेच्या दारामागे. बॉक्सबरोबर आलेला अडॅप्टर १२ व्होल्ट ४ अँपियरचा, तेव्हा अडीच वर्षं अखंड चालू असलेला. आठवड्यातून तीनचार वेळा बॉक्स बंद पडायचा. रीस्टार्ट व्हायचा नाही, थेट बंद, आणि बटण दाबेपर्यंत तसाच. नॅस चालू, वायफायचा अॅक्सेस पॉइंट चालू, पंखा चालू, टीव्ही चालू. लॉग, म्हणजे बॉक्स स्वतः लिहून ठेवतो त्या नोंदी, बघावा तर एका ओळीनंतर थेट पुढच्या बूटची ओळ.

माझे भाऊजी पुण्यात एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत आहेत. ताई आणि मुलांबरोबर सुट्टीला आले होते. त्यांनी मनापासून लक्ष घातलं, हे मान्य करतो. त्यांच्या सांगण्यावरून मी ओपीएनसेन्स तीन वेळा नव्याने टाकलं, एक मागची आवृत्ती टाकून पाहिली, बायॉसमधल्या (बॉक्सच्या मूळ सेटिंगमधल्या) वीज वाचवणाऱ्या सगळ्या सोयी बंद केल्या, रॅम बदलली, प्रोसेसरवरची पेस्ट बदलली. आप्पा एकदा म्हणाले, “करंटचं बघून घ्यायचं का एकदा?” तेव्हा आम्ही आमरस-पोळीला बसलो होतो. भाऊजी म्हणाले, “आप्पा, हे तुमचं फेज-न्यूट्रल नाही. हे डोक्याचं काम आहे.”

आप्पा “बरोबर आहे” म्हणाले आणि रसाची वाटी जावयाच्या पुढे सरकवली. जावयाला उलट बोलायची आमच्या घरात रीत नाही. मी मुलगा होतो, मी बोलायला हवं होतं. मी खाली मान घालून जेवलो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी आठच्या सुमारास, भाऊजींनी विषय संपवायचा म्हणून मेनचा एमसीबी, म्हणजे घराचा मुख्य स्विच, खाली पाडला. इन्व्हर्टरवर घर चालू, राउटर चालू. परत वर, परत खाली. असं पाच वेळा केलं. राउटर एकदाही गेला नाही. “दिसलं? पॉवर क्लिअर आहे.” मलाही ते पटलं. समोर प्रयोग केलेला दिसत होता, मग न पटायला काय? नवीन बॉक्स मागवायचं ठरलं, आणि तो आला की भाऊजी पुण्याहून लांबूनच सेटिंग करून देणार होते.

मे महिन्यात आप्पा दुपारी जिन्याखालच्या खाटेवर पडायचे. इन्व्हर्टर तिथेच आहे. एके दिवशी त्यांनी मला हाक मारली. “तुझा डबा आत्ता बंद पडला का?” मी जाऊन पाहिलं, खरंच बंद. “दिवा गेला नव्हता, मग तुम्हाला कसं कळलं?” ते म्हणाले, “इन्व्हर्टरने टक केलं.”

ते टक म्हणजे इन्व्हर्टरचा रिले, आतला आपोआप बदलणारा स्विच. मेन लाइट सोडून बॅटरीवर जातानाचा आवाज. आमचा इन्व्हर्टर मागच्या बटणाने यूपीएस मोडवर ठेवलेला होता. या मोडमध्ये तो चटकन बदलतो, पण व्होल्टेज साधारण १८०च्या खाली गेलं की लाइट असूनही बॅटरी पकडतो. जळगावात मेमध्ये पारा ४४-४५ला जातो, दुपारी प्रत्येक घरात कूलर नाहीतर एसी, आणि आमची गल्ली लाइनच्या शेवटाला. व्होल्टेज १८०च्या आसपास लोंबकळायचं आणि इन्व्हर्टर तासातासाला इकडून तिकडे जायचा. घरात कोणाला कळायचंही नाही, कारण पंख्याचा वेगसुद्धा धड बदलत नसे. आप्पांनी पाच दिवस वहीत वेळा लिहिल्या. टक झाल्याच्या वेळा एका बाजूला, राउटर गेल्याच्या दुसऱ्या बाजूला. प्रत्येक टकला राउटर जात नव्हता. पण टक झाल्याशिवाय एकदाही गेला नाही.

मग आप्पांनी तोच एमसीबीचा प्रयोग करायला सांगितला. सकाळी नाही, दुपारी अडीचला. सॉकेटवर १८८ व्होल्ट होते. दहा वेळा एमसीबी पाडला, सात वेळा राउटर गेला. नंतर नॅसचा अडॅप्टर त्याला लावला. तोही १२ व्होल्टचा, पिनही तीच, फक्त ५ अँपियरचा आणि वर्षभर जुना. परत दहा वेळा. एकदाही नाही.

असं का होतं ते नीट सांगतो, कारण तुमचा गोंधळ इथेच आहे. इन्व्हर्टर बदलताना मध्ये काही मिलिसेकंद घरात वीज नसतेच. आपली लाइट ५० हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. वीज नसण्याची ही खाच साधारण अर्ध्या आवर्तनाची धरा. तेवढा वेळ अडॅप्टर आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमधल्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागातल्या, साठ्यावर जगतो. हा साठा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३०ला जेवढा, त्याच्या दोन तृतीयांशच १८८ला. म्हणजे सकाळी भाऊजींनी प्रयोग केला तेव्हा टाकी भरलेली होती आणि दुपारी ती आधीच एक तृतीयांश रिकामी. त्यात कॅपॅसिटर सुकलेला. वीज लाटेच्या कोणत्या क्षणी तुटली त्यावर कधी निभावतं, कधी नाही. नॅसचा अडॅप्टर नवा, त्याचा साठा शाबूत. अॅक्सेस पॉइंट पाचसहा वॉटचा, त्याला घोटभर पुरतं. म्हणून ‘फक्त राउटरच जातो’ याचा अर्थ वीज बरोबर आहे असा अजिबात होत नाही. त्या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी राउटरची आहे, एवढाच होतो.

आणि तुमचे ते १२.१ व्होल्ट. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. मोकळ्या अडॅप्टरला मीटर लावून तो चांगला म्हणणं याला आप्पा म्हणतात, रिकामा गाडा जुंपून बैल पारखणं. ते आयुष्यभर होल्डरमध्ये बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प वापरत आले, कारण लोड दिल्याशिवाय लाइन खरं सांगत नाही. या वेळी त्यांनी मोटारीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॉटचे दोन बल्ब घेतले. एक बल्ब पावणेदोन अँपियर ओढतो, दोन मिळून साडेतीन. आमचा अडॅप्टर मोकळा असताना १२.१, अगदी तुमच्यासारखा. एका बल्बला ११.६. दोन लावल्यावर १०.३ आणि बारीक शिट्टीसारखा आवाज. नॅसचा अडॅप्टर दोन्ही बल्बांवर ११.९. बल्ब तीस-तीस रुपयांचे. रॅमला त्याआधी माझे १,८०० गेले होते आणि नवीन बॉक्स वेळेत रद्द केला म्हणून तेवढे वाचले. नवा अडॅप्टर ६५० रुपयांना आला. त्यानंतरचे तीन उन्हाळे तो बॉक्स एकदाही पडलेला नाही.

जुना अडॅप्टर आप्पांनी दोन दिवस सुटा ठेवून मग उघडला. ४०० व्होल्टवाल्या मोठ्या कॅपॅसिटरचं डोकं फुगलेलं, बुडाला तपकिरी डाग. स्वस्त अडॅप्टरमध्ये १०५ अंशांना २,००० तासांचे कॅपॅसिटर सर्रास असतात. तापमान दर १० अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट. बंद काचेमागे, जळगावच्या उन्हाळ्यात, अडॅप्टरच्या आत ७५ अंश धरले तर आठपट, म्हणजे १६,००० तास. चोवीस तास चालणाऱ्या वस्तूला ते २२ महिने झाले. आमचा ३० महिने टिकला. त्याने आपलं काम इमानाने केलं होतं, आम्हीच त्याला काचेमागे कोंडला होता. शोकेसचं ते दार आता काढून टाकलंय.

‘लॉगमध्ये काहीच नाही’ हे तुम्ही तक्रारीसारखं लिहिलंय. अहो, तोच तर पुरावा आहे. सॉफ्टवेअर कोसळलं तर बहुतेक वेळा काहीतरी मागे सोडतं, कर्नल पॅनिकची (सिस्टिमचा गाभाच अडकल्याची) नोंद, वॉचडॉगची (अडकलेली सिस्टिम परत सुरू करणाऱ्या पहारेकऱ्याची) नोंद, निदान त्याआधीची कुरकुर. ज्याची वीजच तुटली त्याला लिहायला वेळ कुठला? ओळ मध्येच तुटलेली असेल आणि पुढे थेट बूट असेल तर आधी वीज, मग बाकी सगळं. कीबोर्डवरून कामाला लागलेल्या माणसांना हा क्रम उलटा वाटतो. सॉफ्टवेअर तीनदा टाकणं हे डोक्याचं काम आणि सॉकेटवर हात ठेवून बघणं हे हलकं काम, असं कोणी ठरवलं? वेळा लिहिणं, एका वेळी एकच गोष्ट बदलणं, दोष घडतो त्याच परिस्थितीत तपासणी करणं, हे सगळं आप्पांनी केलं. दहावी झालेल्या माणसाने, झेरॉक्सचे पाठकोरे कागद शिवून केलेल्या वहीत. भाऊजींनी सकाळी आठला पाच वेळा बटण दाबून निकाल दिला. यात डोक्याचं काम कोणी केलं, ते मी भाऊजींना अजून विचारलेलं नाही. आप्पांनीच बजावलं होतं, “जावयाला काही सांगू नको, चालू झालं ना?” भाऊजींना आजही वाटतं की शेवटच्या वेळी टाकलेल्या आवृत्तीने दोष गेला. आप्पांची आज्ञा मी घरात पाळतो. इथे आम्हाला कोणी ओळखत नाही, म्हणून लिहिलं.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. तुमचा बॉक्स बंद न होता आपणहून रीस्टार्ट होत असेल, किंवा बायॉसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सोय लावलेली असेल, तर लक्षणं वेगळी दिसतील, माझं वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका. ती सोय तशीही लावून ठेवा, पण दोष सापडल्यावर, नाहीतर तो झाकला जाईल. बॉक्स हाताला चटका बसेल इतका तापत असेल तर उष्णतेनेही तो स्वतःला बंद करतो. त्यात बहुधा ठरावीक वेळ चालल्यावर किंवा लोड वाढल्यावर जातो. अडॅप्टरची पिन नक्की बघा. बाहेरून ५.५ मिलिमीटरच, पण आतलं भोक २.१ आणि २.५ असं दोन मापांत येतं. २.५ची पिन २.१च्या सॉकेटमध्ये आरामात बसते आणि सैल राहते, टेबलाला धक्का लागला तरी वीज तुटते. बदली अडॅप्टर घेताना व्होल्टेज तेवढंच हवं, अँपियर जास्त चालतात, कमी नाही, आणि मधली पिन प्लस आहे ना ते खुणेवर वाचा.

बल्ब लावताना एक लक्षात ठेवा. थंड बल्ब पहिल्या क्षणी कितीतरी पट करंट ओढतो, चांगला अडॅप्टरसुद्धा त्याला शॉर्ट समजून लुकलुकू शकतो. एक बल्ब पेटला की दुसरा लावा, आणि काच भाजते, हात लावू नका. दोन बल्बांचे साडेतीन अँपियर होतात. तुमचा अडॅप्टर त्याहून कमी अँपियरचा असेल तर एकच बल्ब लावा. अडॅप्टर उघडू तर मुळीच नका. आतल्या कॅपॅसिटरवर २३०चे सव्वातीनशे व्होल्ट झालेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतात. आप्पांनी उघडला म्हणून तुम्ही उघडायचा नाही.

इन्व्हर्टर नॉर्मल मोडवर टाकला तर तो कमी व्होल्टेजही चालवून घेतो आणि टक कमी होतात, पण खरी लाइट जाते तेव्हा बदलायला जास्त वेळ लावतो. राउटरसाठी मला ते पटत नाही. त्यापेक्षा १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस, म्हणजे बॅटरीचा डबा, अडॅप्टर आणि बॉक्स यांच्या मध्ये टाका, त्याचे अँपियर बॉक्सला पुरतात का ते बघून.

उद्या दुपारी अडीच ते चारच्या मध्ये सॉकेटवर किती व्होल्ट आहेत आणि बल्ब लावल्यावर अडॅप्टर किती दाखवतो, हे दोन आकडे खाली लिहा. सकाळचे नकोत.