दादांच्या दुसऱ्या अंकातला ‘च’

मी मानसोपचाराचं काम करते, आणि महिन्यातून दोन-तीन जण तरी हे विचारतातच. कधी मेसेजवर, कधी समोर बसून. शब्द वेगळे पण गाऱ्हाणं तेच, की मॅडम आधी भरभरून सुचायचं, आता डोकं कोरं झालंय, आणि हाताखालची माणसं पण पूर्वीसारखी साथ देत नाहीत, माझ्यातलं संपलं का सगळं? यात डिझाईन टीमची लीड असते, शाळेचं गॅदरिंग बसवणारे सर असतात, दिवाळी अंक काढणारे असतात. बहुतेकांना वाटतं हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत आणि दोन्ही नेमके एकाच वर्षी आपल्या वाट्याला आलेत. मला अनुभवानं असं वाटायला लागलंय की पुष्कळ वेळा ती एकच गाठ असते. म्हणून आज एक केस सांगते, त्यांची परवानगी घेतलीय, घरचे आणि नोकरीचे तपशील बदललेत, नाटकाचा विषय मात्र ‘आहे तसा सांगा’ असं तेच म्हणाले.

वय चाळिशीच्या आसपास, दिवसा नोकरी, संध्याकाळी नाटक. हौशी ग्रुप, गेली दहा-अकरा वर्षं लिहिणं पण यांचं, दिग्दर्शन पण यांचं. ग्रुपमध्ये सगळे दादा म्हणतात, मी पण इथं दादाच म्हणते. गाव सांगली. नाट्यपंढरी म्हणतात या गावाला, विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये सीता स्वयंवर केलं ते इथंच, त्यामुळं इथं नाटक करणाऱ्या माणसाला आपोआप वाटतं की आपल्या मागं काहीतरी मोठं उभं आहे आणि आपण त्याच्या खाली पडता कामा नये. आधीच्या वर्षी त्यांच्या नाटकाचं खूप कौतुक झालं होतं. यंदा राज्य नाट्य स्पर्धेसाठी नवीन नाटक, पहिला अंक लिहून झाला, तालमी सुरू झाल्या, आणि दुसरा अंक काही केल्या पुढं सरकेना.

पहिल्या सेशनला त्यांनी वही आणली होती. लाल बांधणीची जाड लाँगबुक. पहिला अंक सुंदर अक्षरात, समासात हालचाली लिहिलेल्या, आणि मग एका पानावर ‘अंक दुसरा, प्रवेश पहिला’ एवढंच. त्या ओळीवरून पेन इतक्या वेळा फिरवलं होतं की ‘प्रवेश’मधल्या ‘प्र’ला कागद फाटला होता. मागची पंधरा-वीस पानं कापून काढलेली, शिवणीत नुसत्या पट्ट्या उरलेल्या. मी त्या पट्ट्यांवरून बोट फिरवलं तर ते म्हणाले, ते बघू नका, ते कचरा होतं सगळं.

मग ग्रुपचं सांगितलं. दोन जुने कलाकार सोडून गेले, एकानं ऑफिसचं कारण दिलं, दुसऱ्यानं कारणच नाही दिलं. नेपथ्यवाला स्केच दाखवायला येईना. तालमीत कुणी स्वतःहून काही करून बघत नाही, सगळे यांच्या तोंडाकडं बघत उभे. ‘मी एकटाच गाडा ओढतोय मॅडम, कुणाला पडलेलीच नाही,’ हे वाक्य त्या तासाभरात चार वेळा आलं.

मी आधी झोप, भूक, मूड विचारला, हे मी प्रत्येकाला विचारते. कारण न सुचणं आणि उदासी यातला फरक बाहेरून दिसत नाही. दोन आठवड्यांच्या वर रोजच मन खाली असेल, आवडत्या कुठल्याच गोष्टीत गोडी वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल तर तो क्रिएटिव्ह ब्लॉक म्हणून अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा, आणि जवळपास कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालते. दादांचं तसं नव्हतं. मुलीबरोबर कॅरम खेळताना ते मजेत असायचे, जेवण नीट होतं. अडकलेलं होतं ते फक्त त्या वहीपाशी आणि तालमीच्या हॉलमध्ये.

मी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीनं काम करते, अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९५५ च्या सुमाराला ती मांडली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की प्रसंग आणि आपला त्रास याच्या मध्ये आपली एक धारणा बसलेली असते, आणि त्रासाचा मोठा वाटा तिच्यामुळं असतो. त्याच परिस्थितीत दुसरा माणूस वैतागेल, निराश होईल, पण गोठून जाणार नाही. गोठवतो तो आपला हट्ट. आणि आपल्या मराठीत तर हा हट्ट पकडायला फार सोपा आहे, कारण तो एका अक्षरात बसतो. ‘च’.

मी त्यांना म्हटलं, कोऱ्या कागदासमोर बसल्यावर मनात जे चालतं ते जसंच्या तसं लिहा, चांगलं लिहायचं नाही. त्यांनी लिहिलं, मलाच सुचलं पाहिजे. मागच्यापेक्षा भारीच झालं पाहिजे. तालमीला जाताना माझ्याकडं उत्तर असलंच पाहिजे, नाहीतर दादा कसला. मग मी लाल पेन दिलं आणि सांगितलं यातले ‘च’ खोडा आणि मोठ्यानं वाचा. मला सुचलं पाहिजे. इथं ते थांबले, म्हणाले अजून पण टोचतंय. मग ‘पाहिजे’च्या जागी ‘सुचलं तर बरं होईल’ लिहिलं. आता तुम्ही म्हणाल एक अक्षर खोडून काय होतं, खरंय, लगेच काही होत नाही, पण त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा दिसलं की तीनही वाक्यं एकाच माणसाबद्दल आहेत. वहीवर बसलेला हट्ट आणि हॉलमध्ये बसलेला हट्ट एकच. ‘मलाच’ म्हणणारा माणूस स्वतःची पंधरा पानं कापतो तसा दुसऱ्याची सूचना पण तोंडातून निघायच्या आत कापतो. मग माणसं बोलायची थांबतात, आणि आपण म्हणतो कुणाला पडलेलीच नाही.

कौतुकाचा पण यात हात असतो, हे मला मनापासून सांगायचंय कारण आपल्याकडं कलाकाराला ‘उपजत देणगी’ म्हणायची फार हौस. कॅरोल ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर या मानसशास्त्रज्ञांनी पाचवीतल्या मुलांवर प्रयोग केले होते, १९९८ मध्ये छापून आले. काही मुलांना सांगितलं तू हुशार आहेस, काहींना सांगितलं तू मेहनत घेतलीस. हुशार म्हटलेली मुलं पुढं सोपं काम मागायला लागली, आणि अवघड कोड्यांत अपयश आल्यावर त्यांची कामगिरी आणखी घसरली. हुशारीचा शिक्का बसला की तो सांभाळायचं काम मागं लागतं. दादांना वीस वर्षं सगळे सांगत आले, तुला आतूनच येतं रे. मग एक दिवस आतून आलं नाही तर माणूस कुणाला सांगणार?

गृहपाठ दोन दिले. एक, आठवड्यात दुसऱ्या अंकाचा एक प्रवेश मुद्दाम वाईट लिहायचा, पान कापायचं नाही, आणि तो तालमीत वाचायचा. दोन, एका तालमीत वीस मिनिटं शेवटच्या खुर्चीवर बसायचं, उठायचं नाही, ‘असं म्हण’ करून दाखवायचं नाही, फक्त उठावंसं वाटेल तेव्हा वहीत एक रेघ मारायची. पहिला गृहपाठ ऐकून ते जरा चिडलेच, मॅडम ग्रुपसमोर कचरा वाचू? मग मी त्यांना एलिसचीच गोष्ट सांगितली. एकोणीस वर्षांचा असताना त्याला मुलींशी बोलायची प्रचंड भीती, तर त्यानं ठरवलं की न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर जायचं आणि बाकावर एकटी बसलेली दिसेल तिच्याशी बोलायचं. शंभरेक जणींशी बोलला. एक भेटायला तयार झाली, ती पण आली नाही. पण शंभर वेळा नकार येऊन सुद्धा आभाळ कोसळलं नाही हे त्याला कळलं आणि भीती गेली. दादांच्या गृहपाठामागं पण हेच होतं.

पुढच्या वेळी रेघा घेऊन आले. वीस मिनिटांत एकतीस. वीस मिनिटांत एकतीस वेळा माणूस उठून दुसऱ्याच्या तोंडात आपलं वाक्य घालायला निघतो, विचार करा. ते स्वतः त्या रेघांकडं बराच वेळ बघत होते. म्हणाले, सत्राव्या रेघेला जी मुलगी अडत होती ना, ती विसाव्याला स्वतःच सुटली.

सगळं असं सरळ झालं नाही. मधे एका रात्री साडेअकराला त्यांनी ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला, कोण किती वेळा उशिरा आलं याची तारीखवार यादी. दुसऱ्या दिवशी तालमीला निम्मी माणसं. तो आठवडा वाईट गेला, आणि सेशनला येऊन ते म्हणाले की माझ्यात बदल होणारच नाही. परत ‘च’. आम्ही तो मेसेज ओळीनं वाचला. त्या दिवशी संध्याकाळी लिहायला बसले होते आणि एक ओळ आली नव्हती, हे त्यांचं त्यांनाच आठवलं. न सुचल्याची भीती रागाचे कपडे घालून ग्रुपवर गेली होती. त्यांनी ग्रुपमध्ये माफी मागितली, दोन ओळींत, कारणं न देता. तेवढी बास होती, मला वाटतं मोठी माफी मागितली असती तर ती पण त्यांच्याबद्दलच झाली असती.

आणि मग तो वाईट प्रवेश वाचायचा दिवस. हे मी त्यांच्या तोंडून ऐकलंय पण इतक्या वेळा की डोळ्यासमोर आहे.

नाटक दोन भावांच्या वाटणीचं. हळदीचा व्यापार असलेलं घर, हरिपूरला पेव. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखाली खोल खड्डे करून त्यात हळद साठवायचे, ती वर्षानुवर्षं टिकायची, त्यालाच पेव म्हणतात. २००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली. नाटकात एकच पेव वाचलंय आणि ते कुणी उघडायचं यावरून भाऊ भांडतात. दादांनी प्रवेश वाचला, पेव उघडलं, थोरला उतरला, भांडण, आरडाओरडा, संपलं. वाचून झाल्यावर त्यांनी आम्ही ठरवलेलं वाक्य म्हटलं, की मला पुढचं माहीत नाही, तुम्हाला काय वाटतं? म्हणाले, मॅडम ते सात शब्द काढताना घसा सुकला होता. आणि कुणीच बोलेना. एक मिनिटभर तरी पंख्याचा आवाज फक्त. त्यांच्या मनात आलं की झालं, गेली इज्जत.

मग विंगेजवळ प्रॉपर्टी म्हणजे नाटकातलं सामान सांभाळणारा एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा बोलला. दोन वर्षांत तालमीत त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ‘दादा, असं लगेच उतरत न्हाईत ओ पेवात. आमचा आजा उतरायचा. तोंड उघडलं की आतली वाफ जाऊ द्यायला लागती, लई वेळ. मग कंदील सोडायचा दोरीला बांधून. इझला तर माणूस उतरत न्हाई.’

तेवढ्यात धाकट्याची भूमिका करणारा म्हणाला, म्हणजे तोवर दोघांना तिथं बसून राहायला लागणार की? आणि सगळे एकदम बोलायला लागले. दोन भाऊ, कोर्टात जायला निघालेले, एका उघड्या तोंडाशी बसलेत, काहीही करता येत नाही, वाट बघायची फक्त, त्यात घरातलं सगळं निघतं. त्या रात्री त्यांनी दीड तास तो प्रसंग नुसता करून बघितला, संहितेशिवाय, आणि दादा खाली बसून लिहून घेत होते. नेपथ्यवाल्यानं तिथंच खडूनं जमिनीवर पेवाचं तोंड काढलं.

स्पर्धेत काय झालं हे सगळे विचारतात, पण दादांनी ते सांगू नका म्हटलंय आणि मला ते पटतं.

शेवटच्या सेशनला त्यांनी तीच लाँगबुक आणली होती. फाटलेल्या ‘प्र’वर चिकटपट्टी. दुसऱ्या अंकात तीन जणांची अक्षरं होती, एका पानावर चहाचा डाग, ‘कंदील’च्या जागी कुणीतरी ऱ्हस्व ‘कंदिल’ लिहिलेलं, ते कुणी दुरुस्त केलेलं नव्हतं. पट्ट्या मात्र तशाच होत्या शिवणीत. मी विचारलं, त्या पंधरा पानांचं वाईट वाटतं का? म्हणाले वाटतं, त्यातली दोन तरी चालली असती. मग घड्याळ बघून उठले, तालीम सातची होती आणि किल्ली त्या प्रॉपर्टीवाल्या पोराकडं दिलेली, तो दारात थांबला असेल म्हणाले.