मुलगा अमेरिकेत ज्युनियर इयरला आहे, कॉलेज ॲप्लिकेशनची तयारी कुठून सुरू करू?

तुम्ही लिहिलंय की मुलगा न्यू जर्सीत ज्युनियर इयरला म्हणजे अकरावीत आहे, तुम्ही दोघंही महाराष्ट्रात शिकलात, इथली ॲडमिशन कशी होते ते धड माहीत नाही आणि ओळखीचे सगळे सांगतायत की आत्ताच कन्सल्टंट लावा नाहीतर उशीर होईल. उशीर बिशीर काही झालेला नाहीये, आधी ती भीती काढून टाका.

मी पण एडिसनजवळच राहते. मोठी मुलगी आता कॉलेजात आहे, धाकटा नववीत, आणि गेली तीन वर्षं आमच्या मंडळातल्या अकरावीच्या मुलांबरोबर आणि त्यांच्या आईवडिलांबरोबर अधूनमधून रविवारी बसते. जवळजवळ सगळे जण एसएटी, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा, आणि निबंधापासून सुरुवात करतात. तुम्ही पैशापासून करा, आणि मुलाला समोर बसवून करा.

आमच्याकडे हे बोलणं झालंच नव्हतं. "तू अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघतो" हे आपल्याकडचं ठरलेलं वाक्य, आम्हीही तेच म्हणत राहिलो. लेकीला बॉस्टनकडचं एक प्रायव्हेट कॉलेज मनापासून आवडलं, तिने तिथे अर्ली डिसिजनने अर्ज करायचं ठरवलं. अर्ली डिसिजन म्हणजे मिळालं तर तिथेच जायचं असं बंधन, त्या फॉर्मवर मुलांबरोबर पालकांची आणि शाळेच्या कौन्सेलरची पण सही लागते. ऑक्टोबरच्या शेवटी रात्री दहा वाजता ती सही करायला म्हणून मी लॅपटॉप उघडला आणि तेव्हा पहिल्यांदा नवरा म्हणाला की थांब, आपल्याला नक्की किती पडणार ते तरी बघू. कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, त्यात आमचे दोन पगार, बचत, सगळं भरलं, तर मदत जवळजवळ शून्य, वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या वरचा आकडा. त्या कॅल्क्युलेटरला हे माहीत नसतं की आम्ही दर महिन्याला सांगलीला सासू-सासऱ्यांना पैसे पाठवतो. लेक जिन्यात उभी राहून ऐकत होती. मी सही केली नाही. ती रडली, पण कॉलेज हातचं गेलं म्हणून नाही, ती एवढंच म्हणाली की "हे मला मागच्या वर्षी का नाही सांगितलंत, मी दुसरीकडे मन लावलं असतं." ते वाक्य माझ्या अजून मनात आहे. आता ती रटगर्सला, म्हणजे आपल्या न्यू जर्सीच्या सरकारी युनिव्हर्सिटीत आहे, मजेत आहे, पण तो महिना तिला उगाच सोसावा लागला आणि तो टाळता आला असता.

म्हणून आत्ताच, तुमच्या अकरावीतच, एका संध्याकाळी तिघं बसा आणि मुलाला आकडा सांगा, वर्षाला एवढे, चार वर्षं, त्याच्या वर कर्ज काढायचं की नाही ते पण. मग त्याला आवडणाऱ्या चार-पाच कॉलेजांचे कॅल्क्युलेटर त्याच्याच हाताने भरून घ्या. सरकारी आर्थिक मदत देणाऱ्या कॉलेजांना तो साइटवर ठेवणं २०११ पासून कायद्याने बंधनकारक आहे, फुकट आहे, अर्धा तास लागतो. कधीकधी उलटंही दिसतं, महागडं वाटलेलं प्रायव्हेट कॉलेज मदत धरून आपल्या राज्याच्या युनिव्हर्सिटीपेक्षा स्वस्त पडतं, खास करून उत्पन्न मध्यम असेल तर. छापील किंमत बघून नाव खोडू नका आणि नाव बघून किंमत विसरू नका.

यात अजून एक गोष्ट आहे जी फार उशिरा कळते. फाफ्सा, म्हणजे सरकारी मदतीचा फॉर्म, साधारण १ ऑक्टोबरला उघडतो, मुलगा बारावीत असताना, पण त्यात उत्पन्न मोजतात ते दोन वर्षांपूर्वीच्या टॅक्स रिटर्नमधलं. म्हणजे दहावीच्या जानेवारीपासून अकरावीच्या डिसेंबरपर्यंतचं कॅलेंडर वर्ष. त्या वर्षात तुम्ही पुण्यातला फ्लॅट विकला असेल किंवा बरेच शेअर्स काढले असतील तर तो नफा तिथे उत्पन्न म्हणून दिसतो. आधी माहीत असलं तर निदान कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला पत्र लिहून समजावता येतं. बरीच प्रायव्हेट कॉलेजं याशिवाय सीएसएस प्रोफाइल नावाचा मदतीचा वेगळा फॉर्म पण मागतात, त्यात भारतातल्या मालमत्तेचं पण विचारतात.

आणि व्हिसा. तुम्ही लिहिलेलं नाही म्हणून विचारते, ग्रीन कार्ड आलंय का अजून रांगेत आहात? मुलगा एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर, असेल तर फाफ्साची सरकारी मदत मिळत नाही. राज्याच्या युनिव्हर्सिटीत इन-स्टेट फी, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची कमी फी, लागू होते का हे राज्याराज्यावर आहे. प्रायव्हेटमध्ये काही ठिकाणी एच-४ च्या मुलाला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात, काही ठिकाणी नाही, आणि आंतरराष्ट्रीय धरूनसुद्धा पैशाकडे न बघता ॲडमिशन देणारी कॉलेजं हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकीच. त्यामुळे यादीतल्या प्रत्येक कॉलेजला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. शिवाय २१ पूर्ण झाली की एच-४ संपतो, कॉलेजच्या मधेच एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, करायला लागू शकतो, ते पण वकिलाला आत्ताच विचारून ठेवा.

एसएटीचं थोडक्यात. मार्च २०२४ पासून इथे ती पूर्ण डिजिटल झालीय, सव्वादोन तासांची. अकरावीतल्या मार्च किंवा मेमध्ये एकदा, लागलीच तर ऑगस्टमध्ये परत, बास. सराव ब्लूबुक ॲपवर आणि खान अकॅडमीवर फुकट आहे, क्लास लावलाच पाहिजे असं नाही. एमआयटी, हार्वर्ड, ब्राउन यांनी परीक्षा पुन्हा सक्तीची केलीय, कॅलिफोर्नियाची यूसी कॉलेजं तर स्कोअर बघतच नाहीत, तेव्हा यादी बघून ठरवा. पण आपण ज्या सीईटी-कटऑफ-मेरिट लिस्टमध्ये वाढलो तसा एकच आकडा इथे नसतो हे डोक्यात पक्कं करा. सगळ्यात आधी बघतात ते ट्रान्सक्रिप्ट, कोणते विषय घेतले आणि मार्क कसे, आणि अर्ज करताना पूर्ण वर्षाचे शेवटचे मार्क अकरावीचेच असतात. म्हणून एसएटीच्या नादात शाळेचा केमिस्ट्रीचा पेपर घसरू देऊ नका.

आता ॲक्टिव्हिटीज, इथे मला जरा जास्त बोलायचंय. गेल्या वर्षी मंडळातला एक मुलगा माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "काकू, माझ्याकडे लिहायला काहीच नाहीये." रोबोटिक्स दोन महिन्यांत सोडलेलं, खेळ नाही, क्लब नाही. मी विचारलं शाळा सुटल्यावर काय करतोस? तर आईबाबा दोघंही न्यूयॉर्कला ट्रेनने जाणारे, घरी यायला साडेसहा, त्यामुळे हा रोज तीन वाजता धाकट्या बहिणीला बस स्टॉपवरून आणतो, खायला देतो, तिचा होमवर्क घेतो, तिला वाचायला जड जातं म्हणून रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचून घेतो. रोबोटिक्स त्यासाठीच सोडलेलं! आई शेजारीच होती, ती म्हणाली की अहो हे नका लिहू, लोक म्हणतील आईवडिलांचं मुलांकडे लक्ष नाही. मी तिला कॉमन ॲपवर, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना एकाच फॉर्मने अर्ज करायच्या साइटवर, दाखवलं की ॲक्टिव्हिटीच्या प्रकारांच्या यादीत फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज असा सरळ पर्यायच आहे, पगारी नोकरीचा पण आहे. एका ॲक्टिव्हिटीचं वर्णन १५० अक्षरांत बसवायचं असतं, स्पेस धरून. आम्ही पाऊण तास एकेक शब्द काढत बसलो, "रिस्पॉन्सिबल" काढला, "रोज वाचून घेतो" ठेवलं. आठवड्याचे तास विचारतात, त्याने १५ लिहिलं आणि स्वतःच आकड्याकडे बघत राहिला. आई उठून किचनमध्ये गेली, चहा करते म्हणाली, डोळे पुसत होती.

तेव्हा तुमच्या मुलाला नवीन काही चिकटवायला लावू नका. तो आत्ता काय करतो ते लिहून काढा, मराठी शाळेत लहान मुलांना शिकवत असेल, ढोल पथकात असेल, दुकानात काम करत असेल, सगळं. जागा दहाच असतात आणि दहाच्या दहा भरल्याच पाहिजेत असं नाही.

निबंध जास्तीत जास्त ६५० शब्दांचा, कॉमन ॲप नवीन वर्षासाठी १ ऑगस्टला उघडतं, तेव्हा तो उन्हाळ्यात लिहू दे. तुम्ही वाचा, पण वाक्यं बदलू नका. मी लेकीच्या निबंधात सुधारणा केल्या होत्या, तिच्या इंग्लिशच्या टीचरने नेमकी तीच वाक्यं अधोरेखित करून विचारलं की ही तुझी आहेत का.

शिफारसपत्रांसाठी अकरावीला शिकवणाऱ्या दोन शिक्षकांना मेमध्येच विचारायचं, सुट्टी लागायच्या आधी, कारण चांगल्या शिक्षकांकडे रांग लागते. ज्याने ए दिला तो नाही, ज्याने त्याला धडपडताना पाहिलंय तो शिक्षक निवडा. आणि विचारायचं मुलाने स्वतः जाऊन, तुमच्या ईमेलने नाही.

कन्सल्टंटचं विचारलंत. त्याआधी शाळेच्या कौन्सेलरकडे जा. एका कौन्सेलरकडे २५० मुलं असावीत अशी त्यांच्या संघटनेची शिफारस आहे, पण बऱ्याच पब्लिक शाळांत त्याहून कितीतरी जास्त असतात, म्हणून मुलाने आपणहून जानेवारी-फेब्रुवारीत वेळ घेऊन भेटायला हवं, नाहीतर पत्र लिहिताना त्यांना त्याचा चेहरा पण आठवणार नाही. त्यानंतरही अडलं तर तासावर पैसे घेणारा कोणी बघा, यादीवर एक-दोन बैठका पुरतात. ॲडमिशनची खात्री देणाऱ्याकडे मात्र अजिबात जाऊ नका, अशी खात्री कुणीच देऊ शकत नाही.

व्हिसाचं काय आहे तेवढं कळवा, त्याप्रमाणे यादी कशी करायची ते सविस्तर सांगते.