पहिली पद्मिनी घेण्यापूर्वी

आपल्या वडिलांच्या फियाटसारखी गाडी, म्हणजे त्या फियाटचेच पुढचे रूप असलेली पद्मिनी घ्यावी, ही तुमची इच्छा मला मनापासून पटते. कारण माझेही या गाड्यांवरचे प्रेम लहानपणी मागच्या सीटवर बसून, स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गिअर काकांचा हात कसा वरखाली करतो हे पाहताना जडले. तरीही आठवणीतला रंग दिसताच व्यवहार ठरवू नका.

कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन साधे आहे आणि जाणता मेकॅनिक ते पुन्हा उभे करू शकतो. परंतु गंजलेला पत्रा, विशेषतः कोकणपट्टीच्या दमट हवेत राहिलेल्या गाडीचा, खिसा रिकामा करतो. म्हणून पायाखालचे मॅट उचला, दरवाजांखालचा पत्रा बोटांनी दाबून पाहा, डिकीतील स्टेपनीखालची जागाही तपासा. ताज्या रंगावर मी तरी कधीच विश्वास ठेवत नाही.

नोंदणीपुस्तकातील चासी व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः ताडून पाहा. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करता येते, मात्र तशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मुलांना शाळेत सोडायचे असेल, तर नेहमीचीच नोंदणी ठेवा.