ड्रॉइंग पाठवू का कंपनीला?

प्रश्न : सांवेर रोडवर माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. सोयाबीन पेरताना सीड ड्रिलच्या नळीत ओली काळी माती अडकते, ड्रायव्हरला पत्ताच लागत नाही आणि ओळच्या ओळ रिकामी जाते. मी एक अटॅचमेंट बनवलंय, नळी चोक झाली की ट्रॅक्टरवर लाल दिवा लागतो. मागच्या पेरणीत ओळखीच्या शेतकऱ्यांकडे लावून पाहिलं, मस्त चाललं. आता एक मोठी कंपनी म्हणते, ड्रॉइंग मेल करा मग रेटचं बोलू. मामा म्हणतात एकरकमी घे अन् मोकळा हो. काय करू?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : दादा, ड्रॉइंग आत्ता बिलकुल पाठवू नका. बाहेरच्या माणसाच्या एनडीएवर, म्हणजे गुप्तता राखायच्या करारावर, मोठ्या कंपन्या सहसा सही करत नाहीत, म्हणून आधी प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, पेटंट अर्ज टाका. आपल्या एमपीचे अर्ज मुंबई ऑफिसकडे जातात पण सगळं ऑनलाइन होतं, एकट्या माणसाला सरकारी फी १६०० रुपये, पेटंट एजंटचे वेगळे. त्यानंतर १२ महिन्यांत कम्प्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं पूर्ण वर्णन, भरलं नाही तर अर्ज बाद. आणि हो, शेती करायच्या पद्धतीला पेटंट मिळत नाही, यंत्राला मिळतं, तेव्हा अर्जात यंत्रच मांडा.

शेतातल्या ट्रायलचं मात्र बघावं लागेल, कारण अर्जाआधी उघड झालेल्या गोष्टीला पेटंट अडू शकतं. उघड्यावर ट्रायल घेणं गरजेचंच असेल तर कायदा अर्जाआधीच्या एका वर्षापर्यंतची सूट देतो, म्हणजे पुढच्या पेरणीची वाट बघत बसू नका. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरवला असेल तर तेही एजंटला सांगून टाका, त्याच्यापासून काय लपवायचं!

मामांचं मला नाही पटत. एकरकमी घेतलं आणि माल धडाधड खपला तर तुम्ही नुसतं बघत बसणार. रॉयल्टी मागा, पण विक्रीच्या टक्क्यात नको, नगावर, म्हणजे दर नगामागे ठराविक रक्कम. कारण उद्या कंपनी म्हणेल अटॅचमेंट ड्रिलसोबत फ्री दिलं, बिलात त्याची किंमत शून्य, मग टक्के कशाचे काढणार? नगावर असलं की फ्री देवोत नाहीतर विकोत, आकडा तोच, फक्त किती नग गेले ते त्यांच्या वह्यांत तपासायचा हक्क करारात घालून घ्या. ते एक्सक्लुझिव्ह, म्हणजे फक्त त्यांनाच हक्क, मागतीलच. द्या, पण दरवर्षीची किमान रॉयल्टी ठरवून, आणि दोन सीझन माल बाजारात आलाच नाही तर हक्क परत तुमच्याकडे. नाहीतर घेऊन कपाटात ठेवतात हो, आपल्या जुन्या मॉडेलला धक्का नको म्हणून.

पुढे तुम्ही केलेल्या सुधारणा फक्त त्यांनाच द्यायच्या असं कलम दिसलं तर खुशाल खोडा, पेटंट कायद्याच्या कलम १४० प्रमाणे तशी अट चालतच नाही. फोनवर ठरलेल्याला काही अर्थ नाही, लायसन्स, म्हणजे पेटंट वापरायची परवानगी, लेखीच लागतं. आणि तिसऱ्या वर्षापासूनची पेटंटची रिन्युअल फी कोण भरणार तेही त्यातच लिहून घ्या.