आंघोळ मीच घालते

ताई,
माझा मुलगा चौदा महिन्यांचा आहे. चौतिसाव्या आठवड्यात जन्मला, वजन एक किलो नऊशे. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला एकटीला सांगितलं की उजव्या बाजूची गोटी खाली उतरलेली नाही, सहा महिन्यांनी दाखवायला या. तेव्हापासून माझ्या हातून काय चुकलं हेच मी शोधते आहे. तिसऱ्या महिन्यात ताप आला तेव्हा पॅरासिटामॉलच्या चार गोळ्या घेतल्या होत्या. एकदा केसांना रंग लावला होता. प्लास्टिकच्या डब्यात अन्न गरम करून खाल्लं. शेवटपर्यंत लॅपटॉप मांडीवर घेऊन काम केलं. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, त्याच्या मनात माझ्याबद्दल काय येईल याची धास्ती वाटते. बाकी बाळ छान आहे, चालायला लागलाय. आंघोळ मीच घालते. यातल्या नेमक्या कशामुळे झालं असेल? सोनोग्राफीत कारण कळेल का?
– एक आई

अगं,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्याच चिमुकल्या वाक्यापाशी अडले. ‘आंघोळ मीच घालते.’ बाळ चालायला लागलाय याच्या पाठोपाठ तू ते सहज लिहून टाकलंस, जणू कौतुकाचीच गोष्ट. चौदा महिने, रोज. चारशेच्या वर आंघोळी झाल्या असतील आणि त्यातली एकही बापाच्या हातची नाही. डायपरही तूच बदलत असणार. लस टोचायला तूच नेत असणार, आणि लस मांडीत देतात म्हणून तेवढीच मांडी उघडी करत असणार. नाहीतर एव्हाना कुठल्या तरी डॉक्टरांनी तुला पुन्हा हटकलं असतं.

मला तुझा राग आलाय, तो लपवत नाही. चार गोळ्यांबद्दल नाही. सहा महिन्यांनी दाखवायचं होतं ते दाखवलं की नाही, याबद्दल एवढ्या लांबलचक पत्रात तू अवाक्षर काढलेलं नाहीस. नाहीच दाखवलं ना?

तू विचारलंस ते आधी सांगते, म्हणजे पुढचं ऐकायला तुझं मन मोकळं होईल. मुलाचे वृषण तयार होतात ते पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ. तिथून ते हळूहळू खाली सरकतात. शेवटचा टप्पा जांघेतून खालच्या पिशवीत उतरण्याचा, आणि तो साधारण पंचविसाव्या ते पस्तिसाव्या आठवड्यात पार पडतो. तुझं बाळ चौतिसाव्या आठवड्यात बाहेर आलं. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलांत दोन-चार जणांची एखादी गोटी उतरलेली नसते. दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेल्यांत हे प्रमाण शंभरात तीसपर्यंतही जातं. बाळ जितकं लवकर आलेलं आणि जितकं हलकं, तितकी शक्यता जास्त. पत्राच्या दुसऱ्याच ओळीत तू हे कारण लिहिलंस, आणि त्याकडे न बघता लॅपटॉपपर्यंत पोचलीस! (आता बाळ लवकर का आलं याची नवी यादी करायला बसू नकोस. ओळखते मी तुला.)

तुझी जुनी यादी भराभर निकालात काढते. लॅपटॉप आणि एकदा लावलेला केसांचा रंग यांना मी दोष देणार नाही. पॅरासिटामॉल आठवडेच्या आठवडे घेतलेल्या बायकांच्या मुलांत हा दोष थोडा जास्त असल्याचं काही अभ्यासांत दिसलं, काहींत दिसलं नाही. तापातल्या चार गोळ्या म्हणजे आठवडेच्या आठवडे नव्हेत, आणि गरोदरपणात ताप अंगावर काढणं जास्त वाईट. प्लास्टिक मऊ करणाऱ्या काही रसायनांमुळे उंदरांच्या नर पिल्लांत असे दोष होतात हे प्रयोगांत दिसलंय, माणसांच्या बाबतीत तसं ठामपणे म्हणता येत नाही. ज्यांचा संबंध वारंवार दिसलाय त्या गोष्टी वेगळ्याच आहेत: अपुरे दिवस, कमी वजन, पोटात असताना बाळाची वाढ खुंटणं, आईचं गरोदरपणातलं धूम्रपान, आणि बापाला किंवा भावाला हाच त्रास असणं. हाही हिशेब हजारो बाळांकडे एकत्र बघून मांडलेला असतो. एका बाळाच्या एका आईकडे बोट दाखवायला तो कामाचा नाही. बहुतेक मुलांत नेमकं कारण कधीच सापडत नाही.

पण त्या यादीतलं शेवटचं पुन्हा वाच. बापाला किंवा भावाला. तुझ्या नवऱ्याचं लहानपणी असं काही ऑपरेशन झालं होतं का? त्याच्या भावाचं? तुला माहीत नाही, कारण तू विचारलंच नाहीस. विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं. चौदा महिने तू एकटीने चौकशी चालवलीस, आरोपीही तूच, आणि जो साक्षीदार शेजारच्या उशीवर झोपतो त्याला हाकच मारली नाहीस.

कदाचित त्यानेही पाहिलं असेल आणि तुझ्यासारखाच गप्प बसला असेल. तुम्ही दोघं एकमेकांना जपत असाल, आणि तोवर पोराच्या हातातला वेळ चाललाय.

डॉक्टर सहा महिने म्हणाले ते उगाच नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मुलाच्या शरीरात पुरुषी हार्मोनची एक लाट येते आणि राहिलेल्या गोट्यांपैकी बऱ्याचशा त्या काळात आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतर मात्र क्वचितच. लवकर जन्मलेल्या बाळाचे हे महिने ठरलेल्या तारखेपासून मोजतात, म्हणजे तुला दीड महिना जास्तीचा मिळाला. तोही संपून सहा महिने उलटले. न उतरलेली गोटी ऑपरेशन करून खाली आणायची असते, आणि ते वयाच्या अठरा महिन्यांच्या आत व्हावं असं जगभरचे बालशल्यचिकित्सक सांगतात. तुमच्याकडे चार महिने आहेत. वेळ गेलेली नाही, पण दवडण्याइतकी उरलेलीही नाही.

वृषणांना शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी उष्णता लागते, म्हणून तर निसर्गाने त्यांना बाहेर टांगलंय. वर अडकलेल्या वृषणातल्या, पुढे शुक्रजंतू तयार करणाऱ्या पेशी पहिल्या वाढदिवसानंतर कमी होत जातात. मोठेपणी वृषणाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. मुळात हा कॅन्सर दुर्मिळ आहे, त्यामुळे घाबरून जाऊ नकोस, पण वयाचा फरक बघ. स्वीडनमध्ये हे ऑपरेशन झालेल्या सुमारे १७,००० पुरुषांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तेरा वर्षांच्या आत ऑपरेशन झालेल्यांत हा धोका इतर पुरुषांच्या सुमारे २.२ पट होता, नंतर झालेल्यांत सुमारे ५.४ पट. आणि तुझ्या मनात जी खरी भीती आहे, जिचा पत्रात तू उल्लेखही केला नाहीस, तिचंही उत्तर देते: एकाच बाजूचा प्रश्न असलेली मुलं मोठेपणी जवळजवळ इतरांइतकीच बाप होतात.

सोनोग्राफीचा नाद सोड. कारण त्यात दिसत नाही, आणि गोटी कुठे आहे हे शोधायलाही अनुभवी डॉक्टरांची बोटं तिच्यापेक्षा भरवशाची. बोटांनाही लागली नाही तर दुर्बिणीने पोटात बघतात. लागली तर जांघेत लहानसा छेद, खाली आणून टाके, आणि बहुतेक मुलं त्याच दिवशी घरी.

लघवीचं छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असणं हा मुलांमधला दुसरा नेहमीचा जन्मदोष, दोन-तीनशे मुलांत एकाला. तो आणि हा एकत्र असेल, किंवा दोन्ही गोट्या हाताला लागत नसतील, तर डॉक्टर सहा महिने थांबत नाहीत, लगेच तपासण्या करतात. तुला थांबायला सांगितलं, त्याअर्थी बहुधा तसं काही नव्हतं.

आता एकच काम सांगते. उद्याची आंघोळ त्याच्या बापाला घालू दे.

आधी भाषण करू नकोस, माफी तर मुळीच मागू नकोस. टॉवेल त्याच्या हातात दे आणि म्हण, ‘उजव्या बाजूला बघ जरा, गोटी खाली आलेली नाही, डॉक्टरांनी जन्मतःच सांगितलं होतं आणि मी घाबरून दाखवलं नाही.’ एवढं पुरे. तो चिडेल कदाचित. चिडू दे. चार महिने हातात असताना कळल्याचं चिडणं वेगळं, आणि पोरगा दहा वर्षांचा झाल्यावर कळल्याचं वेगळं. तसंही बंद दाराआड कुणी तरी आपलं अंग लपवतंय, हे मुलाला तीन-चार वर्षांचा झाला की समजतं. का लपवतात ते मात्र समजत नाही, मग त्याचा अर्थ तो स्वतःच लावतो.

आंघोळ झाली की दोघांनी मिळून लहान मुलांच्या सर्जनची वेळ घ्या, याच आठवड्यातली. जन्माच्या वेळचे कागद सोबत न्या. तिथे नवऱ्याला विचारतील, तुमच्या घरात कुणाला असं होतं का. तुला विचारतील, कोमट पाण्यात बसवल्यावर गोटी कधी खाली दिसली होती का. काही मुलांची गोटी गारव्याने किंवा हात लावल्याने वर पळते आणि उबेत आपोआप खाली येते. अशा मुलांना ऑपरेशन लागत नाही, फक्त दर वर्षी दाखवत राहावं लागतं. तपासणीच्या टेबलावर रडणाऱ्या, अंग आखडलेल्या बाळात हा फरक ओळखणं डॉक्टरांनाही जड जातं.

चारशे आंघोळी तू घातल्या आहेस. त्या प्रश्नाचं उत्तर नीट आठवून ठेव.