अण्णांकडे रविवारी जाऊ नकोस

साताऱ्याहून ३४ वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आलंय. थोडं कापून देते.

"ताई, आमचा १४ जणांचा बुलेट-येझदीवाल्यांचा ग्रुप आहे. दर रविवारी राइड. सगळ्यांत ज्येष्ठ आमचे अण्णा, वय ६७, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर. त्यांची येझदी रोडकिंग अजून एका किकमध्ये चालू होते. मला घाट चालवायला त्यांनीच शिकवलं. वरंधा घाटात भर पावसात माझी चेन तुटली, बाकीचे महाडला पोचून भजी खात होते, अण्णा मागे थांबले. चार महिन्यांपूर्वी त्यांचा ग्रुपवर मेसेज आला : 'डायलिसिस सुरू झालंय. सोमवार, बुधवार, शुक्रवार. भेटायला कोणी येऊ नका. गाड्या नीट चालवा.' आम्ही त्यांचा शब्द पाळला. मागच्या आठवड्यात मी घरी फोन केला तर काकू म्हणाल्या, 'आता आठवण झाली का?' आणि ठेवून दिला. आता ग्रुपवर ठरतंय की अण्णांना एक शेवटची राइड द्यायची. रविवारी, मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वर, सरप्राइज, सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट. एकाने तर 'मी किडनी देतो' असंही टाकलंय. तिकडे जावई गाडी विकायला निघालेत आणि आमच्यातलाच एकजण भाव करतोय. मी काय करू? जावं, की त्यांना एकटं राहायचंय तर राहू द्यावं?"

मित्रा,

शब्द पाळला म्हणतोस. तो शब्द तुम्हाला सोयीचा होता म्हणून पाळलात. जरा आठव, वरंध्यात चेन तुटल्यावर तू अण्णांना काय म्हणाला होतास? "तुम्ही व्हा पुढे, मी बघतो." म्हणालाच असशील, सगळेच म्हणतात. आणि अण्णांनी काय केलं? गाडी साइड स्टँडला लावली, टूलकिटमधून चेनलॉक काढलं आणि चिखलात बसले. तुझा शब्द त्यांनी पाळला असता तर तू रात्रभर घाटात असतास.

राग आला असेल तर पाणी पी. पुढचं कामाचं आहे.

"येऊ नका" असं त्यांनी का लिहिलं असेल? जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करत आला, त्याला खुर्चीत रेलून, हाताला दोन सुया टोचलेल्या अवस्थेत १३ जणांसमोर दिसायचं नसतं. तोंड सुजतं, कातडी काळवंडते, पँट कमरेला ढिली होते. त्या मेसेजचा अर्थ मी तरी असा लावते : वरात घेऊन येऊ नका. एकट्याने येऊन बसणाऱ्याला त्यांनी मनाई केलेली नाही.

माझे यजमान दीड वर्ष अंथरुणाला होते. एका रविवारी त्यांच्या कचेरीतले ११ जण एकदम आले. मी ११ कप चहा केला, ते भिंतीला टेकून उभे राहिले, "काही लागलं तर हक्काने सांगा" म्हणाले आणि गेले. हक्काने काय सांगणार? की आमचं गॅसचं सिलिंडर संपलंय? त्यांच्यातलाच एकजण मात्र पुढे दर मंगळवारी एकटा यायचा. खिशात सकाळच्या पेपरातलं शब्दकोडं, अर्धं सोडवलेलं. त्यातली दोन उत्तरं तो मुद्दाम चुकीची लिहायचा. आमचे हे उशीवरून मान वर करून, "अहो, तुम्हाला मराठी येतं का?" म्हणून त्याला तासभर झापायचे. तब्येतीची चौकशी त्या माणसाने एकदाही केली नाही. मंगळवारी सकाळी हे स्वतःहून दाढी करायला मागायचे.

तर तू जा. एकटा जा. पण कधी जायचं ते नीट समजून घे, कारण तुमचा सगळा ग्रुप नेमका तिथेच चुकतोय.

सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिस असलेल्या माणसाला शुक्रवारनंतर थेट सोमवार. मधे दोन दिवस रक्त साफ होत नाही, पाणी अंगात साठत जातं, पोटॅशियम वाढत जातं. म्हणजे तुमचा जो राइडचा रविवार, तो त्यांचा आठवड्यातला सगळ्यांत जड दिवस. पाय सुजलेले, जिना चढताना धाप. त्या दिवशी तुम्ही १३ गाड्यांचा आवाज करत दारात उभे राहणार आणि ते बिचारे तुमचं मन मोडू नये म्हणून हेल्मेट घालणार. नको रे असलं सरप्राइज.

बुधवारी जा, आणि घरी नको, डायलिसिसला सोबत म्हणून जा. एका बैठकीला साधारण चार तास लागतात, वर जाण्यायेण्याचा आणि नंबर लागण्याचा वेळ वेगळा. आठवड्याला तीन वेळा हे काकू एकट्या करतायत. चार महिन्यांत किती खेपा झाल्या, हिशेब कर. ५० च्या आसपास निघतील. "आता आठवण झाली का" हे त्या पन्नासांतून आलंय. त्यावर खुलासा द्यायला जाऊ नकोस. 'अण्णांनीच नको म्हटलं होतं' हे वाक्य तर अजिबात काढू नकोस. आदल्या संध्याकाळी घरी जा, चप्पल काढ आणि म्हण, "काकू, चुकलं. उद्यापासून बुधवार माझा. किती वाजता निघायचं?" एवढंच. "येऊ का?" असं विचारलंस तर त्या "नको" म्हणतील. "किती वाजता" विचारलंस तर वेळ सांगतील. पहिल्या बुधवारी त्या बरोबर येतीलच, तुझ्यावर विश्वास नसणार. दुसऱ्या-तिसऱ्या बुधवारी घरी थांबून झोप काढतील.

सोमवार आणि शुक्रवार उचलायला ग्रुपमधले आणखी दोघेच शोध, जास्त नकोत. दर वेळी नवा चेहरा आला की अण्णांना पहिल्यापासून आजाराची गोष्ट सांगावी लागते. ज्याला सर्दी-खोकला असेल त्याने त्या आठवड्यात दुसऱ्याला पाठवावं, हे आधीच बोलून ठेवा.

हात हलवत जायला संकोच वाटेल म्हणून शहाळं घेऊन जाशील. आपल्याकडे आजारी माणसाकडे जायचं म्हणजे शहाळं, मोसंबी, डझनभर केळी. डायलिसिसवरच्या माणसाला यातलं काहीही देऊ नकोस. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, ते काढायला किडनी नाही, आणि फार वाढलं तर थेट हृदयाचे ठोके बिघडतात. त्यांना दिवसाचं पाणीही मोजून असतं. चहा, ताक, आमटी, औषधाबरोबरचा घोट, सगळं त्याच मापात. टपरीवर तू त्यांच्यासमोर कटिंग मारणार आणि ते बघत बसणार, असंही करू नकोस. त्यांच्याबरोबर असशील तेवढे तास तूही चहा सोड. आणि कोणी प्रेमाने 'कमी सोडियमचं मीठ' आणून देत असेल तर थांबव. त्यात सोडियमच्या जागी बऱ्याचदा पोटॅशियमच असतं.

मग न्यायचं काय? काम न्यायचं. तुझ्या बुलेटमध्ये काही ना काही बिघाड असेलच, बुलेटवाल्यांचं कधी संपत नाही. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि चार तासांत कधीतरी कानाशी धर. "टॅपेटचा आहे की आणखी कुठला?" एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म काढलेला माणूस डोळे मिटून सांगेल. कधी कधी तो झोपेल, तेव्हा नुसता बस. डायलिसिस संपल्यावर उठवताना घाई करू नकोस. बीपी उतरलेलं असतं, चक्कर येते. आधी पाय खाली सोडून बसू दे.

आता राइडचं. पहिली गोष्ट, तो 'शेवटची' शब्द टी-शर्टवरून आणि डोक्यातूनही काढा. डायलिसिसवर माणसं वर्षानुवर्षं काढतात, लग्नं लावतात, नातवंडं खेळवतात. तुम्ही चौथ्या महिन्यातच निरोप समारंभ मांडलाय.

दुसरी गोष्ट हाताची. डायलिसिससाठी हाताची शीर आणि धमनी जोडून फिस्टुला करतात, बहुतेकदा कमी वापरातल्या हाताला. उजव्या हाताने कामं करणाऱ्याचा तो डावा, म्हणजे क्लचचा. त्यावर हात ठेवलास तर आतून थरथर लागते, चालू गाडीच्या टाकीवर तळवा ठेवल्यासारखी. ती थरथर त्यांचं आयुष्य आहे. त्या हाताला मार लागू द्यायचा नाही, वजन उचलायचं नाही, बीपीचा पट्टासुद्धा बांधायचा नाही. शिवाय मशिनवर रक्त गोठू नये म्हणून औषध देतात, त्यामुळे त्या दिवशी साधं खरचटलं तरी रक्त लवकर थांबत नाही. यावर अण्णा तुला म्हणतील, "अरे, येझदीला क्लच न दाबताही गिअर पडतो." माहीत आहे मला. माझ्या थोरल्या भावाकडे होती, तोच दांडा किकचा आणि तोच गिअरचा. उलट्या किकेने फुटलेली त्याची पोटरी मी पाहिलेली आहे. गाडीला क्लच लागत नसेल, पण वळणावर हँडल सांभाळायला दोन्ही हात लागतात. स्वतः चालवायची की नाही हे त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांना अण्णांनी स्वतः विचारावं. तुम्ही १३ जणांनी नाही, आणि मी तर नाहीच.

मागे बसून जायला डॉक्टर 'हो' म्हणाले तर शनिवारी सकाळ धर. आदल्या दिवशी रक्त साफ झालेलं असतं, रात्रीची झोप झालेली असते. महाबळेश्वर राहू दे. यवतेश्वरचा घाट आहे की घरापाशी. वर जायचं, खाली अख्खं सातारा आणि समोर अजिंक्यतारा दिसतो तिथे दहा मिनिटं थांबायचं आणि परत. दोनच गाड्या. अण्णा तुझ्या मागे, आणि दुसरी गाडी सगळ्यात शेवटी, जिथे इतकी वर्षं ते स्वतः असायचे. मात्र काकूंना आधी सांगून. त्यांना अंधारात ठेवून कुठेही नेलंस तर माझं नाव सांगू नकोस.

किडनी देतो म्हणणाऱ्या मुलाला बाजूला घे. मनापासून म्हणाला असेल, टिंगल करू नका. पण १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात जिवंत दाता म्हणून आधी जवळचे नातेवाईक येतात : नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं. मित्राला द्यायची असेल तर प्राधिकार समितीची परवानगी लागते आणि यात पैशाचा व्यवहार नाही हे पटवून द्यावं लागतं. तेव्हा त्याने ग्रुपवरचा तो मेसेज उडवावा, घरी बायकोशी बोलावं आणि मग गुपचूप डॉक्टरांना भेटावं. अण्णांच्या घरच्यांना अशा मेसेजने आशा लागते रे. रात्री तीन वाजता लागते.

टी-शर्टचे पैसे वाचले. तेही लगेच पाकिटात घालून देऊ नका, अण्णा परत करतील. त्याआधी त्यांचं डायलिसिस महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसवलंय का, ते जावईबापूंना विचार. योजनेतल्या हॉस्पिटलांत आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो. त्याच्यासमोर रेशनकार्ड, आधारकार्ड घेऊन रांगेत उभं राहणं हे तरण्या माणसाचं काम आहे. ते तू कर.

राहिली गाडी. जो मित्र भाव करतोय त्याला माझ्याकडून सांग की मालक जिवंत आहे. जावयांवर मात्र एकदम चिडू नकोस. खर्च त्यांना दिसतोय, आणि पार्किंगमध्ये धूळ खात उभी गाडी बघून सासऱ्यांचा चेहरा पडतो हेही कदाचित त्यांनाच रोज दिसतंय. विकायची की ठेवायची हे अण्णा ठरवतील, पण आधी ती चालू स्थितीत तर असू दे. चार महिने उभ्या असलेल्या टू-स्ट्रोकची काय अवस्था झाली असेल ते तुला मी सांगायला नको. आरसी रिन्यू आहे का बघ. जुन्या गाड्यांना दर पाच वर्षांनी करावी लागते आणि आजारपणात असल्या तारखा कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

हे मात्र रविवारी करायला हरकत नाही. राइडला निघण्यापूर्वी त्यांच्या खिडकीखाली जा. जुनं पेट्रोल काढ, ऑइल मिसळून ताजं घाल, प्लग पूस आणि किक मार. वर जाऊ नकोस, हाकही मारू नकोस. पहिल्या किकेत ती चालू होणार नाही, तुझ्या पायाला सवय नाही. चालू झाली की पाच-सात मिनिटं हलक्या रेसवर ठेव आणि निघताना पेट्रोलचा कॉक बंद कर. विसरलास तर वरून खिडकी उघडेल, आणि मग काय काय ऐकावं लागेल ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तुझी,
ताई