गिअर ऑइल : वंगण म्हणायचं की तेल?

बेलापूरच्या दिवाळे गावातल्या एका ताईंनी विचारलंय. घरच्या होडीला आउटबोर्ड (मागच्या बाजूला बाहेरून बसवतात ते इंजिन) आहे, त्याची देखभाल कशी करायची ते भाच्यासाठी मराठीत लिहून काढतायत, आणि इंग्रजी पुस्तिकेतल्या 'गिअर लुब्रिकंट'ला त्यांनी 'गिअर वंगण' लिहिलं तर घरातले हसले. चुकलं का?

शब्दकोशाप्रमाणे नाही चुकलं, पण घरातले हसले ते बरोबरच. वंगण म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पातळ काही येतच नाही, बैलगाडीच्या आसाला नाहीतर मोटेच्या चाकाला लावायचा तो काळा लगदा येतो, एरंडेलात काजळी खलून केलेला. 'तेल' हे पदार्थाचं नाव, (मूळ तिळाचं ते तेल, पण आता तिळाचं कोण बघतंय, घासतेलसुद्धा तेलच) आणि वंगण हे कामाचं नाव. घासणाऱ्या दोन भागांमध्ये जाऊन जे घर्षण कमी करतं ते सगळं वंगण, म्हणजे ऑइलही वंगण आणि ग्रीसही वंगण, आणि घोळ इथेच होतो.

कारण आउटबोर्डला दोन्ही लागतात! खाली पाण्यात जो भाग असतो त्यात गिअर असतात, तिथे पातळ गिअर ऑइल, आणि पंखा (प्रॉपेलर) काढला की त्याच्या शाफ्टवर, म्हणजे दांड्यावर, पाण्याने धुऊन न जाणारं ग्रीस. भाच्याने 'वंगण भरा' वाचून ग्रीसची पिचकारी उचलली तर दोष त्याचा नाही. म्हणून सरळ गिअर ऑइल आणि ग्रीस असं वेगवेगळं लिहा, वंगण फार तर मथळ्यात ठेवा. (ग्रीस लिहिलं की देश वाटेल अशी भीती नको, होडीवर बसून कोणाला भूगोल आठवत नाही.)

क्रियापदावरूनही कळतं बघा. ग्रीस लावतात, वंगण घालतात, ऑइल मात्र सोडतात, भरतात, बदलतात. भरण्याची गंमत म्हणजे ते वरून ओतत नाहीत, मशीन उभं ठेवून खालचा स्क्रू आणि मग वरचा स्क्रू काढून जुनं सोडायचं, आणि नवीन खालच्याच भोकातून दाबत न्यायचं, वरच्या भोकातून बुडबुडे न येता ऑइल बाहेर यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावायचा आणि मग पटकन खालचा. तेव्हा 'ओता' हे क्रियापद अजिबात नको. स्क्रूखालचे वॉशर नवीन टाका हेही लिहा. साधारण १०० तासांनी नाहीतर वर्षातून एकदा, होड्या शाकारायच्या आधी केलं तर बरं, म्हणजे आत पाणी असेल तर ते पावसाळाभर गिअर गंजवत बसणार नाही.

दुकानात 'नव्वद नंबर' मागतात तो गिअर ऑइलच्या जाडीचा वेगळा हिशोब आहे, इंजिन ऑइलच्या चाळीस नंबरशी त्याची तुलना करून दुप्पट जाड समजू नये. आकडा लिहायचा तो तुमच्या मशीनच्या पुस्तिकेतलाच लिहा.

आणि एक राहिलं. जुनं ऑइल पांढुरकं निघालं तर आत पाणी गेलंय, बहुतेक पाणी अडवणारं सील गेलंय, पंख्यामागे तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा) गुंडाळला जाऊन सील कापणं हे नेहमीचं. ह्याला तुम्ही 'दुधाळ ऑइल' लिहिलंयत. दुधाळ म्हणजे मराठीत आधी म्हैस आठवते हो, आणि 'दुधी' लिहाल तर भाजी. 'दूध घातलेल्या चहासारखं' लिहा, भाच्याला एका फटक्यात कळेल.